वाव

उद्यमनगरात दहाच्या सुमाराला
चारी बाजूंनी लेथ बोलायला लागतात,
तेव्हा अभिनंदन मगदूम आला, रुकडीचा.
मागच्या सीटवर चार अलॉय, जुन्या चादरीत गुंडाळलेली,
वरनं सीटबेल्ट.
"सतरा इंची हायत. पुण्यास्नं आणली.
भोकं जुळत्यात, बघितलंय मी. फक्त बसवायचीत."

फक्त.
बावीस वर्षं मी या शब्दाखाली जॅक लावतोय.

मागची दोन बसली.
मागं ड्रम. ड्रम गरीब, कुणाच्या अध्यात नसतो.
पोरगं चार पावलं मागं सरकलं,
मान तिरकी करून बघत राहिलं,
दावणीला नवी म्हैस बांधल्यावर बघतात तसं.

पुढचं चाक हबवर चढवलं, नट धरले, फिरवलं.
फिरलं. आवाज नाही.
"बसलं की ओ!"

बसलं.
मी डबा उघडला. त्यात ओल्या फडक्यात
बापट कॅम्पातल्या कुंभाराकडनं आणलेला शाडू असतो.
लिंबाएवढा गोळा कॅलिपरच्या पाठीवर चिकटवला,
चाक परत चढवलं, हातानं एक फेरा, सावकाश,
आणि उतरवलं.

आरा जिथनं गेला होता
तिथं शाडू कांद्याच्या पापुद्र्याएवढा उरला होता.

"एवढंच?"
"एवढंच."
"पण चाक मोठं हाय की पयल्यापरास!"
चाक मोठं, पण आरा आत पोट काढून आहे, बाळा.
पन्हाळ्यावरनं उतरताना वाघबिळाच्या वळणावर
कॅलिपर तापतो, फुगतो,
बेअरिंग केसभर कलतं,
तेव्हा हा पापुद्रा कुणाला विचारून टिकणार?
तीन मिलिमीटर तरी पाहिजेत. भाताच्या दाण्याची जाडी धर, दोनदा.

"मग घासा की वाईच कॅलिपर.
ग्राइंडर हाय न्हवं तुमच्याकडं?"

आहे.
शिरोलीत फौंड्रीत सात वर्षं मी घासायच्याच खात्यात होतो.
जोडावरची धार काढायची, बाकी अंगाला हात लावायचा नाही,
दस्तगीर मिस्त्रींचा नेम.
एकदा हौसेनं जास्त घासलं,
तर कातडीखाली पोकळी निघाली, बोराच्या बी एवढी.
मिस्त्री ओरडले नाहीत.
ते कास्टिंग त्यांनी माझ्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवलं,
आठवडाभर.
भाकरी मोडताना ते भोक माझ्याकडं बघायचं.

"बरं, मग स्पेसर टाका. पाच एमएमचा."
टाकून दाखवला.
नट त्याच्याच हातात दिला, म्हटलं फिरव आणि मोज.
एक, दोन, तीन,
साडेतीन.
"साडेतीन आट्यांवर आईला घेऊन जाणार काय ज्योतिबाला?"

तो गप्प.
मग नटाकडं बघतच म्हणाला,
"आई बसतच न्हाई माझ्या गाडीत.
तिला भ्या वाटतंय."

पलीकडच्या शेडमध्ये कुणाचं तरी ड्रिल मोडलं,
शिवी ऐकू आली.
मी चहा सांगितला. दोन.

जुनी लोखंडी चाकं परत चढली, गंजाच्या टोप्यांसकट.
अलॉय परत चादरीत, चादरीवर बेल्ट.
"मजुरी?"
"चढवायची दे. उतरवायची राहू दे."
"आणि हे मी घेऊ?"
हातात शाडूचा गोळा, मधोमध आऱ्याची वाट.
"कशाला?"
"पुण्यावाल्याला दावतो."

निघाला.
हौस काही गेली नव्हती, गिअर टाकायच्या झटक्यात कळत होती.
गल्लीच्या तोंडाला भंगाराचा हातगाडा आडवा आला,
सळ्या बाहेर लोंबणाऱ्या.
दोन लाल दिवे लागले.
गाडी थांबली,
सळ्यांपासून हातभर
वाव ठेवून.